आउटबोर्ड मोटरची पेट्रोल लाईन: उजनी आणि सोलापूर परिसरातून वारंवार येणारे प्रश्न

उजनीच्या पाण्यावर रोज होड्या चालतात. कुणी मासेमारीला जातं, कुणी फ्लेमिंगो बघायला आलेल्या पाहुण्यांना फिरवतं, कुणी या काठावरून त्या काठावर माणसं नेतं. मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेली आउटबोर्ड मोटर, बंद पडली की फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कार्बोरेटर खोलावा लागेल का?" बहुतेक वेळा खोलावा लागत नाही. दोष टाकी आणि मशीन यांच्यामधल्या दोन-अडीच मीटर नळीत असतो. केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव, टेंभुर्णी या पट्ट्यातून आणि खुद्द सोलापुरातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागणार असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेट्रोल लाईन म्हणजे नेमकं काय काय?

टाकीपासून सुरुवात करू. टाकीच्या आत तळापर्यंत गेलेली उचल नळी असते आणि तिच्या टोकाला जाळी. टाकीच्या झाकणावर हवा आत यायचा स्क्रू, म्हणजे व्हेंट. मग टाकीकडचा कनेक्टर, नळीचा पहिला तुकडा, हाताने दाबायचा रबरी बल्ब, नळीचा दुसरा तुकडा आणि मशीनकडचा कनेक्टर. काहींनी मध्ये फिल्टर बसवलेला असतो. मशीनच्या कव्हरच्या आत छोटा फिल्टर, पेट्रोल खेचणारा पंप आणि त्यापुढे कार्बोरेटर. कव्हरबाहेरचं सगळं तुम्ही स्वतः तपासू शकता, बदलू शकता. आतल्या भागाला हात लावायच्या आधी बाहेरचं निर्दोष असल्याची खात्री करा.

२. नळीतून एक थेंबही गळत नाही. मग लाईन चांगलीच आहे ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

मशीन चालू असताना टाकीपासून पंपापर्यंतची नळी पेट्रोल खेचत असते. टू-स्ट्रोक मशीनचा पंप म्हणजे एक पातळ पडदा. क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या चढउतारावर तो हलतो आणि तेवढ्याच ओढीने पेट्रोल वर येतं. विहिरीवरच्या मोटरच्या सक्शन पाईपला बारीक भोक पडलं तर तिथून पाणी बाहेर येत नाही, मोटर हवा धरते. इथेही तेच होतं. चिरेतून पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. नळी कोरडी दिसते आणि मशीन उपाशी राहते.

त्यामुळे कोरडी नळी बघून समाधान मानू नका. लाईनवर आतून दाब देऊन बघा. मशीनकडचा कनेक्टर काढून ठेवा, टाकीचा व्हेंट बंद करा आणि टाकी दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. टाकीत दाब तयार होतो, तो बल्बमधून पुढे थेट कनेक्टरपर्यंत जातो. आता प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडा किंवा ओल दिसेल तिथे हवा शिरत होती. नुसता बल्ब दाबून ही परीक्षा पूर्ण होत नाही, कारण बल्बचा दाब फक्त पुढच्या बाजूला जातो, टाकीकडचे सांधे तपासायचे राहतात. हे काम मोकळ्या जागेत करा, आसपास बिडी-काडी नको, आणि झाल्यावर व्हेंट हळूच उघडून टाकी सावलीत आणा.

३. नळी किती सुताची घ्यायची?

दुकानात सुतात बोलतात म्हणून तसंच सांगतो. आतला व्यास दोन सूत म्हणजे पाव इंच, साधारण ६ मिमी. अडीच सूत म्हणजे ८ मिमी. तीन सूत म्हणजे साधारण १० मिमी. छोट्या मशीनला दोन सूत, मधल्या मशीनला अडीच आणि मोठ्या मशीनला तीन, असा साधारण हिशेब. पण अश्वशक्तीवरून अंदाज बांधण्यापेक्षा पंपाच्या आणि कनेक्टरच्या दांडीचं, म्हणजे नळी जिच्यावर चढते त्या तोटीचं, माप घ्या आणि मशीनच्या पुस्तिकेशी ताडून बघा.

बारीक नळी चालेल का, असं विचारणारे पुष्कळ. १० एचपीची मशीन फुल रेसला तासाला साधारण ४ लिटर पेट्रोल खाते. हे पेट्रोल बारीक नळीतून जाईलही, पण तेवढं खेचायला पंपाला जास्त ओढ लावावी लागते आणि उन्हाळ्यात त्या ओढीनेच नळीत वाफ होते. उलट मोठी नळी लहान दांडीवर चढवून क्लिप करकचून आवळली तर नळीला चुणी पडते आणि चुणीतून हवा जाते. दांडी आणि नळी एकाच मापाची हवी, यात तडजोड नाही.

४. घरात लेव्हल पाईप पडली आहे, ठिबकची नळी पण आहे. तात्पुरती लावू का?

पारदर्शक लेव्हल पाईप पेट्रोलमध्ये काही दिवसांत पिवळी पडते, मग काचेसारखी कडक होते आणि दांडीवरून सटकते. ठिबकची नळी पाण्यासाठी बनवलेली आहे. ती ताठ असते, दांडीवर नीट बसत नाही आणि वळवली की मोडते. फवारणी पंपाची नळी दाब सोसते, पण तिचं अस्तर पेट्रोलसाठी असेलच असं नाही. गॅस शेगडीची नारिंगी सुरक्षा नळीही इथे लावलेली पाहिली आहे. ती गॅससाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही.

"तात्पुरती" म्हणून लावलेली नळी सहसा पुढच्या बिघाडापर्यंत तशीच राहते. पारदर्शक नळीचा एकच उपयोग मला मान्य आहे. हातभर तुकडा मशीनजवळ जोडायचा, काठाला बांधलेल्या होडीत मशीन चालवायची आणि आत बुडबुडे पळतात का ते बघायचं. बघून झालं की तुकडा काढून टाकायचा.

५. कारच्या पार्टच्या दुकानात फ्युएल होज मिळते. ती आणि बोटीची नळी यात फरक काय? नळीवर काय छापलेलं बघायचं?

बोटीच्या नळीवर एसएई जे १५२७ किंवा आयएसओ ७८४० अशी मानकाची खूण असते. ७८४० म्हणजे आगीत ठरावीक वेळ टिकणारी. आयएसओ ८४६९ ही पण पेट्रोलचीच, पण आगीची हमी नसलेली. काही नळ्यांवर ए-१, ए-२, बी-१, बी-२ असं लिहिलेलं असतं. 'ए' म्हणजे आगीच्या परीक्षेत अडीच मिनिटं टिकणारी, 'बी' म्हणजे ती परीक्षा नसलेली. आकडा नळीच्या भिंतीतून किती वाफ झिरपते ते सांगतो, १ म्हणजे कमी आणि २ म्हणजे जास्त. त्यापुढे १५ असेल, जसं बी-१-१५, तर झिरपणं आणखी कमी. उघड्या होडीत, सुट्या टाकीला 'बी' गटातली नळी सर्रास असते. बंद कप्प्यात टाकी असेल तर 'ए' घ्या.

कारच्या चांगल्या होजवर एसएई जे ३० आणि पुढे आर-६, आर-७ किंवा आर-९ असं असतं. आर-९ इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांसाठी असते आणि पेट्रोल उत्तम सोसते. अडचणीत ती लावली तर मी नावं ठेवणार नाही. पण कारची होज बॉनेटखाली सावलीत राहते, तुमची दिवसभर उन्हात पडलेली असते आणि तिच्यावरून माणसं चालतात. काहीच न छापलेली, मीटरवर स्वस्तात मिळणारी काळी नळी मात्र नको. दुकानदार "पेट्रोलचीच आहे" म्हणाला तरी नको.

६. बल्बचा बाण कुणीकडे? आणि बल्ब उभा धरायचा की आडवा?

बाण मशीनकडे. बल्बच्या दोन्ही तोंडांना आत एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणून उलटा बसवला तर पेट्रोल येणारच नाही. पेट्रोल भरताना बल्ब उभा धरा, बाण आकाशाकडे. आडवा धरला तर आतल्या व्हॉल्व्हच्या चकत्या नीट बसत नाहीत आणि दाबतच राहावं लागतं. टणक लागला की थांबा. त्यानंतरही जोर लावत राहिलात तर कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहू लागतं.

७. कितीही दाबला तरी बल्ब टणकच होत नाही. काय करू?

आधी टाकीत पेट्रोल आहे ना आणि ते उचल नळीच्या टोकापर्यंत पोहोचतं ना, ते बघा. हसू नका, अर्ध्या वेळा तेच निघतं.

पेट्रोल असेल तर तीन शक्यता. टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये हवा शिरते, त्याची परीक्षा प्रश्न २ मध्ये आहे. दुसरी, बल्बचे आतले व्हॉल्व्ह गेले. कनेक्टर मशीनमधून काढून ठेवा आणि बल्ब दाबा. कनेक्टर सुटा असताना त्याचं तोंड आपोआप बंद असतं, म्हणून बल्ब टणक व्हायला हवा. झाला तर बल्ब आणि मागची लाईन ठीक आहे. नाही झाला तर दोष तिथेच. तिसरी शक्यता मशीनच्या आत: सुटा असताना टणक होतो, पण मशीनला जोडल्यावर होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी कार्बोरेटरची फ्लोट सुई (पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी) बसत नाही किंवा पंपाचा पडदा फाटला आहे. तेव्हा मेकॅनिककडे जा.

८. मशीन चालताना बल्ब चपटा होतो. बल्ब खराब आहे का?

बल्ब बहुधा चांगला आहे. मशीन खेचते आहे आणि मागून पेट्रोल येत नाही, म्हणून तो चपटतो. अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. व्हेंटचा स्क्रू उघडा. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. नाही संपली तर टाकीतली जाळी गाळाने भरली का, नळी फळीखाली किंवा टाकीखाली दबली का, ते बघा.

एक कारण मात्र बाहेरून कधीच दिसत नाही. काही राखाडी नळ्यांत आत वेगळं पातळ अस्तर असतं. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने आणि उन्हाने ते मूळ रबरापासून सुटतं. अशी नळी उभी चिरून बघितली तर बाहेरची भिंत अगदी नव्यासारखी असते आणि आत सापाच्या कातीसारखा पापुद्रा मधोमध गोळा झालेला असतो. मशीन सावकाश चालली की पेट्रोल त्याच्या बाजूने जातं. रेस वाढवली की ओढीने पापुद्रा तोंडावर बसतो आणि वाट बंद करतो. फुंकून बघितलं तर नळी मोकळीच वाटते. अशा संशयाला एकच इलाज, नवी नळी.

९. सावकाश छान चालते, फुल रेस दिली की दम सोडते. बल्ब दाबत राहिलं की परत चालते. हे काय?

बल्ब दाबल्यावर मशीन सावरते याचा अर्थ प्लग आणि कॉईल ठीक आहेत, पेट्रोल कमी पडतं आहे. बल्ब दाबून तुम्ही पंपाचं काम हाताने करता आहात.

बल्ब त्या वेळी चपटा असेल तर प्रश्न ८. मऊ पण फुगलेला असेल तर हवा शिरते आहे, प्रश्न २. दोन्ही तपासून काही सापडलं नाही तर शेजारच्या होडीची टाकी आणि लाईन उसनी घ्या, कनेक्टर तोच असेल तर. उसन्या लाईनवर मशीन नीट चालली तर तुमची लाईन दोषी. तरीही दम सोडत असेल तर मशीनच्या आतला फिल्टर आणि पंपाचा पडदा. ही अदलाबदल पाच मिनिटांची आहे आणि कार्बोरेटर खोलण्याची मजुरी वाचवते. माझ्या मते ती सगळ्यात आधी करायला हवी.

१०. एका कंपनीचा कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसतो का?

नाही. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, तोहात्सू यांचे कनेक्टर सारखे नाहीत. एकाच कंपनीतही जुन्या-नव्या मॉडेलला वेगळे असू शकतात. मागवताना मशीनचा मॉडेल क्रमांक सांगा आणि जुन्या कनेक्टरचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा. आपल्याकडे हा माल बहुधा मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या बाजूने मागवावा लागतो. चुकीचा आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो.

कनेक्टरच्या आत काळी ओ-रिंग असते. बहुतेकांना ती असते हेच माहीत नसतं. कनेक्टर उजेडाकडे धरा आणि आत बघा. रिंग गोल आणि मऊ हवी. एका बाजूने चपटी झालेली किंवा नखाएवढी खाच पडलेली रिंग थेंबही गळू देत नाही, पण हवा आत घेते. जोडताना कनेक्टर तिरका घुसवला, वाळू लागलेला तसाच दाबला, की खाच पडते. रिंगवर बोटभर टू-स्ट्रोक ऑईल फिरवा आणि सरळ दाबा. सुटी रिंग मिळाली तरी तिचं रबर पेट्रोलचं हवं. नळाची रिंग फुगते आणि मग कनेक्टर निघता निघत नाही.

११. सांध्याला क्लिप लावू की केबल टाय? टेफ्लॉन टेप चालेल?

केबल टाय नको. उन्हात तो ठिसूळ होतो आणि सगळीकडून सारखा आवळत नाही. स्टेनलेस स्टीलची क्लिप घ्या. स्क्रूच्या क्लिपची पट्टी छिद्रांची असेल तर मऊ नळीला कापते, म्हणून सपाट पट्टीची घ्या किंवा पकडीने दाबून बसवायची कानाची क्लिप घ्या. क्लिप दांडीच्या फुगीर कड्याच्या मागे बसली पाहिजे, नळीच्या अगदी तोंडाशी नाही. नवी नळी बसवल्यावर चार-आठ दिवसांनी क्लिप पुन्हा एकदा तपासा, रबर थोडं बसतं.

टेफ्लॉन टेप पेट्रोल लाईनच्या आट्यांवर नको. तिचे धागे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. पेट्रोल सोसणारं सीलंट मिळतं, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून लावा. सांध्याला पितळ किंवा स्टेनलेस चालतं. गॅल्व्हनाइज्ड निपल नको, जस्ताला इथेनॉल खातं.

१२. ई-२० पेट्रोलने नळ्या खराब होतात असं ऐकतो. खरं आहे का? करायचं काय?

खरं आहे, पण नळीनळीत फरक आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल हे आता देशभरचं वास्तव आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, तेव्हा आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच होडीच्या नळ्या फुगवतंय म्हणायला हरकत नाही. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. जुन्या मशीनच्या वेळी तर हा विषयच नव्हता.

जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ होतं, मग चिकट होतं. बल्ब हाताला चिकटू लागला तर तो संपला. पडदे आणि ओ-रिंगांचंही तेच. म्हणून नवी नळी, बल्ब, पंपाचा किट घेताना इथेनॉल चालतं का हे विचारूनच घ्या. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा पण धुऊन काढतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबतो. तो जास्त वेळा बघा.

पेट्रोल पंपावरून आणलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येतं. मापाच्या उंच काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर १० वरून ३० च्या आसपास गेला तर साधारण २० टक्के इथेनॉल आहे. हे मिश्रण परत टाकीत ओतू नका.

१३. पेट्रोलमध्ये पाणी जातं कुठून? वेगळा फिल्टर लावू का?

लाटांचा तुषार, पावसात उघडा राहिलेला व्हेंट, रिकाम्या टाकीत रात्रीचा दमटपणा आणि इथेनॉलची पाणी ओढायची खोड, हे सगळे रस्ते. इथेनॉल थोडं पाणी विरघळवून घेतं तोवर काही कळत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो. थंडीत हे लवकर होतं. आणि उचल नळी तळालाच असते.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. तुम्ही मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. खालच्या थरात ऑईल नाही. मशीनने तो थर ओढला तर ती कशीबशी चालेल, पण कोरडी चालेल आणि पिस्टन धरेल, म्हणजे जाम होईल.

रोज पाहुणे नेणाऱ्या बोटीला पाणी वेगळं करणारा फिल्टर लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. १० मायक्रॉनचा घ्या, खाली पारदर्शक वाटी असेल तर पाणी दिसतं आणि सोडता येतं. तो टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये उभा बसवा. छोट्या मासेमारी होडीला तेवढा खर्च नको असेल तर आतला छोटा फिल्टर वेळेवर बदला आणि महिन्याला एकदा टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघा. मोटारसायकलचा पारदर्शक फिल्टर मोठ्या मशीनला लावू नका, त्याची दांडी बारीक असते आणि पुन्हा प्रश्न ३ मधली अडचण येते.

१४. मे महिन्याच्या उन्हात टाकी फुगते, आणि मशीन बंद असतानाही पेट्रोलचा वास येतो. हे धोक्याचं आहे का?

हो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ पर्यंत सहज जातो आणि होडीच्या तळात त्याहून जास्त तापतं. व्हेंट बंद असलेल्या टाकीत दाब तयार होतो. कनेक्टर मशीनला जोडलेला असेल तर तो दाब पेट्रोल पुढे ढकलतो, फ्लोट सुईला हरवतो आणि पेट्रोल मशीनमध्ये किंवा होडीत उतरतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचून राहते, वाऱ्याने सहज जात नाही.

म्हणून काठाला लागलात की मशीनकडचा कनेक्टर काढायचा. अर्ध्या तासासाठी थांबलात तरी. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, एक दशांश जागा रिकामी ठेवा. वर ओलं पोतं टाका. चालताना व्हेंट उघडा, नेताना-आणताना बंद. टाकी भरायची ती होडीत नाही, खाली जमिनीवर ठेवून.

१५. कॅनमध्ये किती पेट्रोल ठेवता येतं?

पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. पाण्याचा जार किंवा तेलाचा डबा वापरू नका. जुन्या डब्यातली घाण शेवटी तुमच्याच फिल्टरमध्ये येते.

१६. पावसाळ्यात मशीन चार महिने बंद ठेवतो. लाईनचं काय करायचं?

टाकी रिकामी करा. उरलेलं साधं पेट्रोल गाडीत घाला. ऑईल मिसळलेलं असेल तर टू-स्ट्रोक फवारणी पंपात संपवा, मिश्रणाचं प्रमाण जुळत असेल तर. कार्बोरेटरच्या मशीनचं पेट्रोल कनेक्टर काढून, थंड पाण्याची सोय ठेवून, मशीन बंद पडेपर्यंत चालवून संपवा. इंजेक्शनवाल्यांनी हे करू नये, त्यांच्यासाठी प्रश्न २०.

नळी काढून, पेट्रोल निथळून, सैल गुंडाळून अंधाऱ्या जागी टांगा. खिळ्यावर टांगली की तिथे घडी पडून चीर जाते, म्हणून रुंद खुंटी घ्या. कनेक्टरच्या तोंडाला कापड बांधा, नाहीतर कुंभारमाशी घर करते. आणि उंदीर. शेतातल्या खोलीत ठेवलेली नळी उंदराने कुरतडली नाही असा गाव मला माहीत नाही. पत्र्याच्या पेटीत ठेवा.

उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातला उपयुक्त साठा संपला, आणि होडी चिखलात टेकली तरी हाच नियम. उन्हात उघड्यावर पडलेली रिकामी लाईन, चालत्या लाईनपेक्षा लवकर मरते.

१७. नळी किती वर्षांनी बदलायची?

पाच वर्षं हा ढोबळ अंदाज आहे, पण आपल्या उन्हात त्याच्या आधीच बदलावी लागते. वर्षापेक्षा नळी काय सांगते ते बघा. हाताने घट्ट वळवा. वळणावर बारीक भेगा दिसल्या तर बदला. स्वच्छ फडका नळीवरून घट्ट फिरवा आणि हुंगा. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर भिंत झिरपते आहे. कडक झालेली, चिकट झालेली, फुगलेली, सगळ्या बदला. बदलताना दोन्ही तुकडे, बल्ब आणि क्लिपा एकदमच. अर्धी लाईन नवी, अर्धी जुनी केली की पुढचा दोष शोधताना डोकं फिरतं.

१८. होडी लांब आहे, टाकी पुढे ठेवायची आहे. नळी वाढवली तर?

चालतं, पण पंपाची ओढ ठरावीकच असते. नळी लांबवायची तर एक माप मोठी घ्या आणि दोन्ही टोकांना त्या मापाचे कनेक्टर लावा. मधे सांधे नकोत, एकसंध तुकडा घ्या. टाकी मशीनपेक्षा फार खाली नको. नळी काठाच्या आतून, पायाखाली येणार नाही अशी न्या.

१९. आमची मशीन रॉकेलवर चालते. हेच सगळं लागू आहे का?

बरंचसं. रॉकेल मशीन पेट्रोलवर चालू होते आणि गरम झाल्यावर कॉकने रॉकेलवर घेतात. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर घ्या, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि सकाळी थंड मशीन उठत नाही. दोन टाक्या म्हणजे सांधे दुप्पट, आणि कॉक स्वतःच हवा शिरायची जागा आहे. एका इंधनावर नीट आणि दुसऱ्यावर अडखळत चालली तर दोष त्या बाजूच्या नळीत शोधा. दोन्हींवर अडखळली तर कॉकच्या पुढे.

२०. नवीन फोर-स्ट्रोक, इंजेक्शनची मशीन घेतली. वेगळं काय?

कव्हरच्या बाहेरची लाईन तशीच, खेचणारी. आत मात्र छोटी टाकी आणि जास्त दाबाचा विजेवरचा पंप असतो. त्या आतल्या नळ्या जास्त दाबाच्या आहेत, तिथे बाहेरची नळी किंवा साधी क्लिप लावायची नाही. तो पंप कोरडा चालवला तर जळतो, म्हणून पेट्रोल संपेपर्यंत चालवायची जुनी सवय इथे सोडा. बारीक इंजेक्टरमुळे प्रश्न १३ मधला फिल्टर इथे ऐच्छिक समजू नका.

जुन्या टू-स्ट्रोकची टाकी आणि लाईन फोर-स्ट्रोकला वापरणार असाल तर ऑईल मिसळलेलं पेट्रोल पूर्ण काढा, साध्या पेट्रोलने खंगाळा. थोडं ऑईल राहिलं तर धूर येईल, मोठं नुकसान नाही. उलटं, साधं पेट्रोल टू-स्ट्रोकला गेलं तर पिस्टन जाईल. दोन्ही प्रकारच्या मशीन असतील तर टाक्यांना वेगळा रंग द्या.

२१. पाण्याच्या मधोमध मशीन बंद पडली. कोणत्या क्रमाने बघू?

आधी नांगर टाका. मशीन बंद पडलेली होडी वाऱ्याला आडवी होते. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले. ती दुर्घटना वादळी वाऱ्याने झाली, नळीने नाही, पण वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर अडकून पडणं म्हणजे काय, हे तेव्हापासून इथे कुणाला सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट आहे ना ते बघा.

मग व्हेंट. मग टाकीतलं पेट्रोल. मग दोन्ही कनेक्टर काढून, पुसून, पुन्हा दाबून बसवा. मग बल्ब उभा धरून भरा. तो टणक होतो का, चपटा राहतो का, त्यावरून प्रश्न ७ किंवा ८. चालू झाली पण टिकत नसेल तर एकाने बल्ब दाबत राहायचं आणि सावकाश रेसने काठ गाठायचा. नळीला चीर दिसली तर तेवढा भाग कापून टाका आणि नळी पुन्हा दांडीवर चढवा. त्यासाठी नळी थोडी लांब ठेवलेली असावी.

होडीत ठेवायचं सामान एका डब्यात मावतं: दोन ओ-रिंग, चार क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, धारदार चाकू, फडका. पाहुणे नेणाऱ्यांनी बल्ब-कनेक्टरसकट एक पूर्ण जादा लाईन ठेवावी. आणि वल्ही. मशीन आहे म्हणून वल्ही घरी ठेवणारे बरेच भेटतात.

२२. नवी लाईन बसवली. पाहुणे बसवायच्या आधी काय तपासू?

बल्ब टणक करून मशीन न चालवता दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात तो मऊ पडायला नको. सगळ्या सांध्यांवरून कोरडा फडका फिरवा. मग होडी काठाला दोरीने बांधून, गिअरमध्ये, पाच-सात मिनिटं जास्त रेसवर चालवा. नळीतली हवा, बसलेला पापुद्रा, बंद व्हेंट, हे सगळे दोष रिकाम्या रेसवर लपतात आणि भार आल्यावरच बाहेर येतात. बल्बकडे बघत राहा. शेवटी कनेक्टर काढा आणि दोन्ही तोंडांतून पेट्रोल टिपकत नाही ना ते बघा. टिपकलं तर आतली स्प्रिंगची गोळी अडकली आहे, तो कनेक्टर दुकानदाराला परत द्या.